गुलाबी बोंडअळीच्या जनुकांचीही गणना व्हावी : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : बोंडअळीच्या उत्क्रांतीवर जनुकीय व संगणकीय पद्धतीने कायमची नजर ठेवण्याबाबत

महोदय,



महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे 40 लाख हेक्टरांवर कपाशीचा पेरा होतो आणि या पिकाच्या सर्वांत चिवट शत्रूची, म्हणजे गुलाबी बोंडअळीची, पाहणी करण्यासाठी राज्याकडे क्रॉपसॅप ही कीड-सर्वेक्षणाची व्यवस्थाही आहे. कामगंध सापळ्यांत किती पतंग अडकले, किती फुलांच्या डोमकळ्या झाल्या, म्हणजे ती न उमलता मिटून राहिली, तोडून आणलेल्या बोंडांपैकी कितींत अळी निघाली, अशा नोंदी गावोगाव घेतल्या जातात आणि त्यांवरून फवारणीचा सल्ला दिला जातो. या नोंदींची उपयुक्तता वादातीत असली, तरी त्या अळीची केवळ संख्या सांगतात. अळी बदलते आहे काय, बदलत असल्यास कोणत्या दिशेने आणि किती वेगाने, हे त्यांतून कळत नाही. हा दुसरा प्रश्न उत्क्रांतीचा आहे, त्याचे उत्तर अळीच्या जनुकांत लिहिलेले असते, आणि ते वाचण्याची साधने आज पुणे-नागपूरच्या अंतरात उपलब्ध आहेत. ती कपाशीच्या शेतापर्यंत आणावीत, एवढीच या पत्राची मागणी आहे.

मागणीचे कारण गेल्या दोन दशकांच्या इतिहासात आहे. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला देशात मान्यता मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूचे एक जनुक कपाशीत घातल्यामुळे झाड स्वतःच क्राय1एसी हे प्रथिन तयार करू लागले आणि ते पोटात गेलेल्या बोंडअळ्या मरू लागल्या. 2006 मध्ये क्राय1एसी आणि क्राय2एबी अशी दोन विषारी प्रथिने असलेले बियाणे आले. गुजरातमधील अमरेली भागातून 2008 मध्ये गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळ्यांत पहिल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारक्षमता आढळली. 2010 मध्ये बियाणे कंपनीनेही गुजरातच्या चार जिल्ह्यांत ती निर्माण झाल्याचे जाहीर केले. पुढे दोन्ही प्रथिनांना न जुमानणाऱ्या अळ्यांची नोंद नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली, आणि 2017 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातील बोंडेच्या बोंडे आतून पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. प्रतिकारक्षमतेची चाहूल आणि तिचा उद्रेक यांच्यामध्ये इतकी वर्षे हाताशी असूनही तिचा वेग जिल्हावार मोजणारी यंत्रणा उभी राहिली नाही, ही या इतिहासातील खरी उणीव होय.

अळी विषाला 'सरावली' असे सर्रास म्हटले जाते, परंतु एकटी अळी सरावत नसते, बदलते ती अळ्यांची लोकसंख्या. लक्षावधी अळ्यांत काही थोड्यांच्या जनुकांत उत्परिवर्तनाने, म्हणजे डीएनएची प्रत काढताना होणाऱ्या चुकीने, आधीच काही फरक पडलेला असतो. विष आल्यावर इतर मरतात, या थोड्या उरतात, आणि पुढील पिढी त्यांच्या संततीची होते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत हा फरक कोठे पडतो, हे बऱ्याच अंशी ठाऊक आहे. क्राय1एसी हे प्रथिन अळीच्या आतड्याच्या पेशींवरील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि त्यानंतरच त्या पेशी फुटतात. कॅडहेरिनचे जनुक बिघडले की विषाला चिकटायला जागाच उरत नाही. 2003 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या अळ्यांत या जनुकाची अशी तीन बिघडलेली रूपे आढळली होती. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांची तपासणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मात्र चित्र कितीतरी गुंतागुंतीचे निघाले : त्याच जनुकाची आठ नवी बिघडलेली रूपे मिळाली आणि त्यांपासून तयार होणारे आरएनए-संदेश तब्बल 19 प्रकारचे होते. जनुकावरून प्रथिन बनण्यापूर्वी त्याच्या संदेशातील काही तुकडे वगळून उरलेले जोडले जातात. ही काटछाट निरनिराळ्या ठिकाणी झाल्याने एकाच जनुकरूपापासून अनेक सदोष संदेश निघत होते. दुसऱ्या प्रथिनाविरुद्धच्या, म्हणजे क्राय2एबीच्या प्रतिकारक्षमतेचा संबंध एबीसीए2 या वेगळ्याच जनुकाशी असल्याचे 2018 मध्ये दिसून आले, आणि तेथेही भारतीय शेतांतील अळ्यांत अशीच संदेशाची सदोष काटछाट आढळली.

या निष्कर्षांचा व्यावहारिक अर्थ असा, की एखादे ठरावीक उत्परिवर्तन शोधणारी साधी प्रयोगशाळा-चाचणी महाराष्ट्राला पुरणार नाही. ॲरिझोनातील तीन रूपांसाठी बनवलेली चाचणी येथील अळीला निर्दोष ठरवील आणि अळी मात्र बोंडात सुखाने वाढत राहील. जेथे बिघाडाचे प्रकार अनेक आहेत आणि नवे निर्माण होऊ शकतात, तेथे संपूर्ण जनुक, शक्यतो संपूर्ण जीनोम वाचावा लागतो, आणि तेथूनच संगणकाचे काम सुरू होते.

जीनोम म्हणजे सजीवाच्या पेशीतील एकूण आनुवंशिक मजकूर. पतंगवर्गीय कीटकांत तो कित्येक कोटी अक्षरांचा असतो, आणि क्रमवाचनाची प्रचलित यंत्रे तो सलग न वाचता शे-दीडशे अक्षरांच्या असंख्य तुकड्यांत वाचतात. एखाद्या पोथीच्या शेकडो प्रती फाडून त्यांचे कपटे एकत्र मिसळावेत आणि केवळ कपट्यांवरील सामाईक शब्दांच्या आधारे मूळ पोथी पुन्हा लावावी, तसे हे काम असते. मानवी हातांना ते अशक्य आहे, संगणकाला मात्र साधते. गुलाबी बोंडअळीचा संदर्भ-जीनोम, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानता येईल असा लावलेला मजकूर, आता उपलब्ध असल्याने काम आणखी सोपे झाले आहे. नव्या अळ्यांचे तुकडे त्या प्रमाण मजकुराशेजारी ठेवून कोणते अक्षर कोठे बदलले, कोठे संदेश अकाली थांबतो, कोठे मोठा भाग गळाला आहे, हे संगणक दाखवतो. आणि अनेक अळ्यांची तुलना करून कोणत्या जनुकरूपाचे प्रमाण किती, हे मोजतो.

जनुक आधीपासून माहीत नसले, तरीही ही पद्धत निरुपयोगी ठरत नाही. एखादे लाभदायक उत्परिवर्तन लोकसंख्येत वेगाने पसरते, तेव्हा त्याच्या आजूबाजूचा डीएनएचा पट्टाही त्याच्याबरोबर ओढला जातो आणि जीनोमच्या त्या भागातील नेहमीची विविधता पुसली जाते. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी 1974 मध्ये या परिणामाचे गणित मांडले. आज संगणक जीनोमचा भाग न् भाग तपासून विविधता अकस्मात कमी झालेल्या जागा शोधतो, आणि अशी जागा सापडली की तेथे अलीकडे नैसर्गिक निवड झाली असावी, असा तर्क करता येतो. म्हणजे अळीने विषाविरुद्ध नवी वाट शोधली, तर ती वाट कोणत्या जनुकातून जाते हे ठाऊक नसतानाही तिची खूण दिसू शकते.

अशा गणिताची परंपरा जुनी आहे आणि तिचा भारताशी संबंधही आहे. इंग्लंडच्या मँचेस्टर भागात 1848 मध्ये नोंदलेला काळा पतंग पुढील पन्नास वर्षांत तेथील फिकट पतंगाची जागा कशी घेतो, याचे गणित जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1924 मध्ये कागदावर केले आणि त्या काळात काळ्या पतंगाची टिकण्याची व प्रजननाची क्षमता फिकट पतंगाच्या सुमारे दीडपट असली पाहिजे, असा निष्कर्ष काढला. हेच हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले आणि 1964 मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. काळ्या रंगाला कारणीभूत असलेला बदल 2016 मध्ये सापडला : कॉर्टेक्स नावाच्या जनुकात डीएनएचा सुमारे 22 हजार अक्षरांचा एक फिरता तुकडा घुसला होता, आणि आसपासच्या पट्ट्यातील विविधतेवरून संगणकाने त्या घटनेचा काळ 1819 च्या सुमाराचा ठरवला. डोळ्यांना पहिला काळा पतंग दिसण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी बदल घडून गेलेला होता. प्रतिकारक्षमतेच्या बाबतीतही जनुकातील बदल आणि शेतातील नुकसान यांच्यात असेच अंतर असते, आणि धोरणाला उपयोगी पडणारा काळ नेमका तोच असतो.

हे अंतर का पडते, याचे साधे गणित या पत्रात मांडणे आवश्यक आहे. प्रत्येक अळीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. कॅडहेरिनमधील बिघाड अपभावी स्वरूपाचा आहे, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच अळी विष पचवते. एक प्रत जरी धड असली तरी ती मरते. समजा, बिघडलेल्या प्रतींचे लोकसंख्येतील प्रमाण 1 टक्का आहे. तर दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा हजारांत एक निघेल. एखाद्या तालुक्यातून 100 अळ्या आणून त्यांना विषयुक्त आहारावर ठेवले, तर त्यांत एखादी प्रतिकारक्षम अळी सापडण्याची शक्यता जेमतेम 1 टक्का असते. त्याच 100 अळ्यांचा डीएनए वाचला, तर जनुकाच्या 200 प्रती तपासल्या जातात आणि त्यांत किमान एक बिघडलेली प्रत सापडण्याची शक्यता सुमारे 87 टक्के होते. पहिल्या पद्धतीत लोकसंख्या निर्धोक वाटते, दुसऱ्या पद्धतीत तीच लोकसंख्या धोक्याच्या वाटेवर असल्याचे कळते. आहार-चाचणी प्रतिकारक्षमता प्रत्यक्ष सिद्ध करते म्हणून ती सोडून देता येणार नाही, परंतु आगाऊ सूचना देण्याचे काम तिच्याकडून होणारे नाही.

याच गणिताचा दुसरा भाग आश्रय पिकाचा आहे. बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम केला गेला, तो त्या ओळींत जगलेल्या साध्या पतंगांनी प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करावा आणि त्यांची संतती एकाच बिघडलेल्या प्रतीची, म्हणून मरणारी व्हावी, यासाठी. वर गृहीत धरलेल्या 1 टक्क्यापासून सुरुवात करून, एकूण अळ्यांपैकी 20 टक्के अळ्या आश्रय पिकावर वाढत असतील, बीटी झाडांवर केवळ दोन बिघडलेल्या प्रतींच्या अळ्या जगत असतील आणि सर्व पतंग एकमेकांत सरमिसळ होत असतील, तर चार पिढ्यांनंतर बिघडलेल्या प्रतींचे प्रमाण सुमारे 1.2 टक्के होते. आश्रय पिकावरील वाटा 20 ऐवजी 1 टक्का असेल, तर तेच प्रमाण पहिल्या पिढीत जवळजवळ 2, दुसरीत साडेपाच, तिसरीत 28 आणि चौथ्या पिढीत 90 टक्क्यांच्या वर जाते. कपाशीच्या एका हंगामात या किडीच्या चार-पाच पिढ्या होऊ शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे आश्रय बियाण्याची पाकिटे बांधावर टाकून देण्याची किंमत काय असते, हे स्पष्ट होते. हे प्रारूप जाणूनबुजून ढोबळ ठेवलेले आहे. प्रत्यक्ष शेतातील घटक त्यात घालायचे तर संगणकावाचून गत्यंतर नाही.

महाराष्ट्रातील ते घटक परदेशाहून निराळे आहेत, म्हणून परदेशी प्रारूप आयात करूनही भागणार नाही. अमेरिकेत सरळ वाणांची बीटी कपाशी लावली जाते आणि तिच्या प्रत्येक सरकीत विष असते. येथे जवळजवळ सर्वत्र संकरित बियाणे वापरले जाते; ते बीटी आणि बिगर-बीटी पालकांच्या संकरातून येत असल्यास त्याच्या झाडावरील बोंडात मेंडेलच्या नियमाप्रमाणे चारांतील सुमारे एक सरकी त्या विषावाचून असते, आणि दोन विषजनुके असली म्हणजे ही वाटणी आणखी गुंतागुंतीची होते. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते व एका सरकीतून दुसरीत जाते, त्यामुळे कधी विष, कधी अर्धे विष, कधी काहीच नाही, अशा आहारावर ती वाढते. त्यात फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी राखून पुन्हा बोंडे घेण्याची प्रथा, शेतात उभी राहणारी पऱ्हाटी आणि जिनिंगच्या आवारातील साठे यांमुळे किडीला हंगामाबाहेरही आसरा मिळतो. चीनमधील यांगत्से खोऱ्यातील शेतकऱ्यांनी संकरित बीटी कपाशीच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे लावले, तेव्हा शेतातील सुमारे एक चतुर्थांश झाडे आपोआप बिगर-बीटी निघाली आणि गुलाबी बोंडअळीतील प्रतिकारक्षमता मागे हटली, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकरा वर्षांच्या अभ्यासात दिसले. एकाच संकरतत्त्वाचे परिणाम सरकीच्या पातळीवर आणि झाडाच्या पातळीवर परस्परविरुद्ध होऊ शकतात, हे यावरून ध्यानात येते. विदर्भात कोणता परिणाम किती, हे विदर्भाच्या आकडेवारीवरच ठरवावे लागेल.

अशा गणनेवर विसंबून काय साधता येते, याचे उदाहरण ॲरिझोनात आहे. तेथे 2006 पासून आश्रय पिकाऐवजी वंध्य केलेले पतंग विमानांतून मोठ्या संख्येने सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. हा मार्ग प्रतिकारक्षमता रोखू शकेल काय, याची पडताळणी संगणकीय प्रारूपांनी झाली. बीटी कपाशी आणि वंध्य पतंग यांचा संयुक्त परिणाम दोहोंच्या स्वतंत्र परिणामांपेक्षा अधिक होता, हे नंतर 21 वर्षांच्या शेतातील नोंदींनीही दाखवून दिले. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कपाशी पिकवणाऱ्या आपल्या मुख्य भूमीवरून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. लाखो छोट्या शेतांच्या महाराष्ट्रात तोच उपाय जसाच्या तसा लागू पडेल, असे कोणी म्हणणार नाही. उपाय निवडण्याची रीत मात्र शिकण्याजोगी आहे.

बोंडअळीपुरताच हा विचार मर्यादित नाही. 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम दिसलेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी 2016 मध्ये आफ्रिकेत उतरली आणि तेथून पूर्वेकडे सरकत भारतात आली, अशी सर्वसाधारण समजूत होती. निरनिराळ्या खंडांतील अळ्यांच्या जीनोमची संगणकीय तुलना 2022 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्या सरळ प्रवासाऐवजी अनेक स्वतंत्र आगमनांच्या खुणा मिळाल्या. ब्राझीलमध्ये तर बाहेरून आलेल्या हिरव्या बोंडअळीचा तेथील सख्ख्या जातीशी संकर होऊन कीटकनाशक पचवणारे एक जनुक त्या जातीत उतरल्याचे जीनोमवरून उघड झाले. कीड कोठून आली आणि येताना कोणती प्रतिकारक्षमता घेऊन आली, हे ठरल्याशिवाय बंदरांवरील तपासणी व औषधांची शिफारस अंदाजानेच चालते.

या पद्धतींच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. नमुने सोयीच्या गावांतूनच गोळा केले, तर संगणक त्याच गावांचे सत्य साऱ्या राज्याचे म्हणून सांगेल. जनुकातील प्रत्येक बदल घातक नसतो, त्यामुळे संशयित जनुकरूप खरोखर प्रतिकार देते काय, याची खात्री प्रयोगशाळेतील जिवंत अळ्यांवरच करावी लागते. प्रारूपाचा निष्कर्ष त्याच्या गृहीतकांइतकाच भरवशाचा असतो. खर्चाचा आक्षेपही येईल. परंतु अनेक अळ्यांचा डीएनए एकत्र करून वाचण्याची पद्धत रूढ झाल्यापासून एका जिल्ह्याच्या नमुन्याचा खर्च हा शासनाच्या दृष्टीने मोठा प्रश्न राहिलेला नाही. अडचण आहे ती नमुना गोळा करणारा, वाचणारा, गणना करणारा आणि निर्णय घेणारा यांची एकमेकांशी गाठ पडत नाही, ही.

ती गाठ घालून देण्याचा अधिकार आपल्या खात्याकडे आहे, म्हणून पुढील गोष्टी आपल्यासमोर ठेवल्या जात आहेत. क्रॉपसॅपचे कर्मचारी बोंडे फोडतातच. प्रत्येक कापूस-तालुक्यातून हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस ठरावीक संख्येने अळ्या, डीएनए आणि आरएनए दोन्ही टिकतील अशा द्रावणात जतन करून, गावाच्या आणि वाणाच्या नोंदीसह पाठवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. अकोला, परभणी, राहुरी व दापोली येथील कृषी विद्यापीठांनी आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने या नमुन्यांचा कायमस्वरूपी संग्रह ठेवावा, कारण आज अनोळखी असलेले जनुक उद्या ओळखले गेले की जुन्या नमुन्यांवरून त्याचा मागील इतिहास वाचता येतो. गणनेसाठी पुण्याची परंपरा आहेच : पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र 1987 पासून आहे आणि सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक येथेच घडवला. मिळालेला सर्व क्रम फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात खुला ठेवावा, म्हणजे कोणत्याही विद्यार्थ्याला निष्कर्षाची फेरतपासणी करता येईल. कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लोकसंख्या-आनुवंशिकी आणि संगणकीय विश्लेषण अनिवार्य करावे, अन्यथा यंत्रे असतील आणि त्यांना प्रश्न विचारणारी माणसे नसतील. अखेरचे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जिल्हावार जनुकरूपांचे प्रमाण व त्यावरून काढलेला पुढील हंगामाचा अंदाज दरवर्षी बियाणे-विक्री सुरू होण्यापूर्वी मराठीत जाहीर करावा, आणि फरदडबंदी, आश्रय बियाणे, वाणाचा कालावधी व नव्या तंत्रज्ञानाची परवानगी यांसंबंधीचे निर्णय त्या अंदाजाशी बांधील असावेत.

बीटीनंतर दुसरे तंत्रज्ञान येईल, त्यानंतर तिसरेही येईल. प्रत्येकाविरुद्ध अळीची नैसर्गिक निवड पहिल्या पेरणीच्या दिवसापासून सुरू होणार आहे. ती थांबवता येत नाही, मात्र मोजता येते, आणि वेळेवर मोजली तर लांबवता येते. येत्या खरिपापूर्वी निदान यवतमाळ, वर्धा, अकोला आणि जालना या चार जिल्ह्यांतून नमुने घेण्याचा आदेश आपण काढावा, आणि त्यांचे निष्कर्ष, ते अनुकूल असोत वा प्रतिकूल, कपाशी लावणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती बियाण्याच्या पाकिटाआधी पडतील अशी व्यवस्था करावी, ही आग्रहाची विनंती.

कळावे.

आपला विश्वासू,
कापूस उत्पादक राज्यातील एक नागरिक